हाय-हॅट वाजवतोय का गं तो?

दादाला २०२५ च्या फेब्रुवारीत कानाचं मशीन लागलं. छप्पन्नाव्या वर्षी. वहिनीच्या मते दहा वर्षं उशिराच लागलं, कारण कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम दादाकडे दिलं की आमटीची डाळ हमखास करपते. दादाच्या मते त्याला सगळं नीट ऐकू येतं, लोकच हल्ली पुटपुटतात.

तपासणीचा कागद घेऊन तो माझ्याकडे आला, जेवणाच्या टेबलावर पसरला आणि म्हणाला, "बघ चिंगे, घसरगुंडी." खरंच तशी होती ती रेघ. डावीकडे, खर्जाच्या बाजूला, बऱ्यापैकी सपाट. दोन हजार हर्ट्‌झच्या पुढे जी कोसळली ती थेट कागदाच्या तळाशी. दोन्ही कान सारखेच. डॉक्टरांनी त्याला समजावलं होतं की कानाच्या आतल्या शंखात केसांसारख्या पेशी असतात, त्यातल्या चढ्या स्वरांच्या पेशी अगदी दाराशी बसलेल्या, म्हणून पहिला मार त्याच खातात. गेल्या की परत येत नाहीत. वयानं हे होतंच, मोठ्या आवाजात राहिलं की लवकर होतं.

"कारखान्यात नोकरी होती का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही, विमा कंपनीत. पण रंगभवनला जायचो," दादा म्हणाला.

डॉक्टर तिशीतला. त्याला रंगभवन म्हणजे काय ते कळेना. दादाला कान गेल्याचं जेवढं वाईट वाटलं नाही तेवढं ह्याचं वाटलं.

ज्यांना त्या डॉक्टरसारखंच माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. धोबीतलावला झेवियर्स कॉलेजच्या शेजारी रंगभवन नावाचं उघडं नाट्यगृह आहे. आम्ही गिरगावात चाळीत राहायचो, तिथून चालत पंधरा मिनिटं. १९८६ पासून तिथे 'इंडिपेंडन्स रॉक' व्हायला लागलं, दिवसभर एकामागून एक आपले भारतीय बँड. दादा तेव्हा सतरा वर्षांचा. तो आणि त्याचे दाबुल-कावेलमधले मित्र सकाळी जायचे आणि रात्री घसा बसवून परत यायचे. आई म्हणायची, ह्याला गोविंदा लागलाय. पुढे शेजारची कॉलेजं-इस्पितळं आणि शांतता क्षेत्राचे नियम ह्यांत रंगभवनचे कार्यक्रम बंद पडले.

ह्याच रंगभवनात २६ मार्च १९८० ला 'द पोलीस' हा इंग्लिश बँड वाजवून गेला. त्यांचा गायक स्टिंग तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. दादा अकरा वर्षांचा, पंधरा मिनिटांवर, परीक्षेचा अभ्यास करत असावा किंवा गॅलरीत गोट्या खेळत असावा. ते येऊन गेल्याचं त्याला सात वर्षांनी कळलं. अजूनही विषय निघाला की तो कपाळाला हात लावतो. कारण तेवढा एक अपवाद सोडला तर आमच्याकडे सगळे म्हातारे होऊनच आले. (१९७२ मध्ये लेड झेपेलिनचे पेज आणि प्लँट मुंबईत आले होते, स्लिप डिस्क नावाच्या क्लबात वाजवलंही, पण तेव्हा दादा पाळण्यातून नुकता उतरला होता. ते धरत नाही.)

घरात खोल्या दोन, माणसं पाच, टेपरेकॉर्डर एक. सकाळी तो बाबांचा, म्हणजे भीमसेनजींचा. संध्याकाळी बाबा ऑफिसातून येईपर्यंत दादाचा. दादाकडे विकतच्या कॅसेट मोजक्याच होत्या, ऱ्हिदम हाऊसमधून पैसे साठवून आणलेल्या. बाकी सगळ्या भरून घेतलेल्या. कोऱ्या कॅसेटवर कोणाकडून तरी उतरवून घ्यायची, त्या उतरवलेल्यावरून पुढच्यानं उतरवायची. आमच्याकडे पोचेपर्यंत गाण्याला शिळ्या भाकरीचा कडकपणा आलेला असायचा.

दादाला ड्रम वाजवायचे होते. ड्रम कुठून येणार? डालड्याचा रिकामा डबा म्हणजे स्नेअर, गोणपाटात गुंडाळलेलं पिंप म्हणजे बेस ड्रम आणि मी म्हणजे हाय-हॅट, ड्रमसेटवरची झांजांची जोडी. माझ्या हातात स्टीलचं झाकण आणि चमचा. काम एकच: टिक-टिक-टिक-टिक, एका मात्रेला दोन, न थांबता. मी आठ-नऊ वर्षांची. दादा पिंपावर लाथ मारायचा, डबा बडवायचा आणि मधूनच ओरडायचा, "पळू नकोस!" मी पळायचेच. बाळगोपाळांचा हात पुढेच धावतो. माझी हाय-हॅटची नोकरी ह्या कारणावरून दर रविवारी जायची आणि सोमवारी परत मिळायची, कारण दुसरं कोणी नव्हतं.

डीप पर्पल हा ब्रिटिश रॉक बँड ही दादाची जात. त्याच्या कॅसेटवर 'चाइल्ड इन टाइम' अर्धवटच होतं. साठ मिनिटांची कॅसेट, गाणं दहा मिनिटांचं आणि भरून देणाऱ्यानं हिशेब केलेला नाही. त्यांचा गायक इयन गिलन हळूहळू चढत जातो, चढत जातो, किंचाळीच्या टोकावर पोचतो आणि खट्. टेपरेकॉर्डरचं बटण वर. पहिली बाजू संपली. पुढे काय होतं ते मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. मला वाटायचं, तो माणूस तिथेच अडकलाय.

बाबा एकदा लवकर घरी आले तेव्हा नेमकं हेच चालू होतं. दादा बंद करायला धावला. बाबांनी हात वर करून थांबवलं. खट् झाल्यावर चपला काढत म्हणाले, "ओरडत नाहीये तो. सुरात आहे." बस. त्यानंतर तो टेपरेकॉर्डर संध्याकाळी सातपर्यंत दादाचा झाला.

८ एप्रिल १९९५, शनिवार. अंधेरीचं स्पोर्ट्‌स कॉम्प्लेक्स. मी वीस वर्षांची, तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या तोंडावर. आईला सांगितलं होतं, दादाबरोबर ऑर्केस्ट्रा बघायला चाललेय. खोटं नव्हतं तसं. चर्नी रोडहून स्लो गाडी पकडली. दादा आणि त्याच्या चार मित्रांनी आत शिरताना माझ्याभोवती असं कडं केलं होतं की मला पहिली दोन गाणी फक्त त्यांच्या घामट पाठी दिसल्या. मग कडं सैल पडलं आणि लांबवर, अंगठ्याएवढी, ती पाच माणसं दिसली.

पहिलं मनात आलं ते कबूल करते: अरे, हे तर काका लोक आहेत! ऑर्गनवर जॉन लॉर्ड, केस पांढरे, मागे शेपटी बांधलेली, त्रेपन्न वर्षांचे. गिलन आणि रॉजर ग्लोव्हर एकोणपन्नास. ड्रमवर इयन पेस, शेहेचाळीस. गिटारवर रिची ब्लॅकमोर नव्हताच. तो १९९३ च्या शेवटी भांडून निघून गेला होता आणि त्याच्या जागी स्टीव्ह मॉर्स येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. दादाचा एक मित्र दर गाण्याआधी "रिची! रिची!" ओरडत होता, जणू तो विंगेत लपलाय आणि हाक मारली की बाहेर येईल.

आणि मग ते गाणं आलं. ऑर्गनचे ते सुरुवातीचे सूर. ह्या सुरांची एक गंमत मला नंतर कळली. हे मूळचे पर्पलचे नाहीतच. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्‌स अ ब्यूटिफुल डे' नावाच्या बँडनं १९६९ मध्ये एक व्हायोलिनची धून काढली होती, तिचं नाव 'बॉम्बे कॉलिंग'. तीच पर्पलनं उचलली, संथ केली, वर गिलननं आपलं गाणं चढवलं. त्यांनी ते कधी लपवलं नाही. म्हणजे आपल्या शहराचं नाव लावलेली चाल सॅन फ्रान्सिस्कोत जन्मली, लंडनला जाऊन गाणं झाली, गिरगावात अर्धी कापलेली आली आणि शेवटी पंचवीस-सव्वीस वर्षांनी अंधेरीत पुरी झाली. त्या रात्रीच्या चित्रणाचंही नाव पुढे 'बॉम्बे कॉलिंग'च ठेवलं.

खट् व्हायची जागा आली. मी श्वास धरला. खट् झालं नाही.

गिलनचा आवाज कॅसेटमधल्यासारखा सरळ वर गेला नाही. थोडा फाटला, थोडा आधाराला टेकला. पण तो पलीकडे गेला, आणि पलीकडे अख्खं गाणं होतं: धावणारं, गिटारचं, मग परत पहिल्यापासून शांत. मी रडले वगैरे नाही. मला दादाचा रागच आला, हे सगळं मला एवढी वर्षं ऐकवलं नाहीस म्हणून. जसं काही त्यानंच कापलं होतं.

शेवटच्या लोकलनं घरी पोचलो. बाबा गॅलरीत खुर्ची टाकून जागे.

"कसा लागला होता आवाज?" बाबांनी विचारलं. दुसरं काही नाही. किती वाजले, कुठे होतात, काही नाही.

"वरती जरा फाटत होता," दादा म्हणाला. "वय झालंय आता."

"किती?"

"एकोणपन्नास."

"मग पोरगाच की," बाबा म्हणाले आणि आत जाऊन झोपले. भीमसेनजी तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते आणि गात होते.

२०२५ मध्ये मी पन्नास झाले. त्या रात्रीच्या गिलनपेक्षा मोठी. हा हिशेब मी मे महिन्यात लोकलमध्ये उभ्या उभ्या केला आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

म्हातारे रॉकवाले अजून कशाला फिरतात, पैशासाठी ना, लाज नाही का, असं लिहिणारे पुष्कळ भेटतात. असतीलही पैशासाठी. सदाशिव पेठेतला पेन्शनरसुद्धा दिवाळी अंकात लिहितो तेव्हा मानधनाची चौकशी करतोच. पण ही तक्रार मुळात ज्यांनी त्यांना विशीत पाहिलं त्यांची आहे. लंडनवाल्यांनी, न्यूयॉर्कवाल्यांनी करावी. आमचं काय? १९९१ नंतर बाजार उघडला, केबल आली, तेव्हा कुठे हे लोक इकडे वळायला लागले. तोवर त्यांची निम्मी हयात झालेली. रोलिंग स्टोन्स २००३ च्या एप्रिलमध्ये ब्रेबॉर्नला आले तेव्हा मिक जॅगर एकोणसाठचा होता. आमच्या डोळ्यांनी ह्यांतला एकही जण तरुण पाहिलेला नाही. आम्ही ज्याच्याशी तुलना करतो तो माणूसच नाही, ती भरून घेतलेली कॅसेट आहे, आणि तीही अर्धी.

ह्यात आम्ही फार गमावलं असं मला वाटत नाही. आमच्या घराला म्हाताऱ्या गळ्याची सवय होती. गवयानं वयोमानानं पट्टी उतरवली तर बाबांच्या मंडळीत त्याची बातमी व्हायची, बोंब नाही. २००७ च्या सवाईला मी बाबांना पुण्याला घेऊन गेले होते. त्या वर्षी भीमसेनजी गायला बसले, पंच्याऐंशीव्या वर्षी. त्यांचं ते शेवटचं जाहीर गाणं ठरलं. मला खरं सांगायचं तर आवाज खूप थकलेला वाटला. शेजारी बाबांकडे बघितलं, तर बाबा एका जागी, जिथे स्वर पोचला नव्हता तिथे, मान हलवून दाद देत होते. पुढे मी विचारलं. म्हणाले, "तिथे तान आहे. पासष्ट सालापासून आहे."

असो. बाबा २०१४ मध्ये गेले.

माझी स्वतःची जात वेगळी, गन्स एन' रोझेस हा अमेरिकन बँड. दादाच्या कंपूत ह्याला पाप समजत. 'ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' हा त्यांचा अल्बम १९८७ चा, पण मला ते भेटले चाळीत केबल आल्यावर, एमटीव्हीवर, बारावीत. अ‍ॅक्सल रोझ हा त्यांचा गायक डोक्याला रुमाल बांधून कमरेत डुलायचा. गिटारवाल्या स्लॅशचे डोळे मी आजपर्यंत नीट पाहिलेले नाहीत, टोपी आणि केसांच्या खाली कुठेतरी असावेत. दादा दारात उभा राहून म्हणायचा, "ही केसांच्या तेलाची जाहिरात आहे." मी म्हणायचे, तुझे पर्पलवाले पेन्शनीत निघालेत. हे भांडण तीस वर्षं चाललंय.

२०१२ च्या डिसेंबरात 'गन्स' बीकेसीला आले होते. मी गेले नाही. जुन्यांपैकी फक्त अ‍ॅक्सल आणि कीबोर्डवाला डिझी रीड. स्लॅश नाही, बासवाला डफ नाही. स्लॅशशिवाय ते गाणं म्हणजे गणपतीशिवाय मखर. शिवाय त्याच वर्षी अ‍ॅक्सलला कोणीतरी विचारलं होतं, पुन्हा एकत्र येणार का, तर तो म्हणाला होता, ह्या जन्मात नाही. मग २०१६ मध्ये ते आले एकत्र, आणि दौऱ्याला नाव दिलं 'नॉट इन धिस लाइफटाइम'. मला हा विनोद फार आवडला. भाऊबंदकी मिटल्यावर वाटणीपत्राचीच पत्रिका छापावी तसा.

दादा मात्र पर्पलला सोडायला तयार नाही. जॉन लॉर्ड २०१२ च्या जुलैमध्ये गेले तेव्हा ऑफिसातून अर्धी रजा टाकून घरी आला आणि दुपारभर कॅसेट उलटसुलट करत बसला. २०१६ मध्ये पेसला मेंदूचा हलका झटका येऊन गेला, काही आठवड्यांत गडी परत ड्रमवर. स्टीव्ह मॉर्सनं बायकोच्या आजारपणासाठी २०२२ मध्ये बँड सोडला. आता गिटारवर सायमन मॅकब्राइड आहे, १९७९ चा, म्हणजे मूळ बँडच्या निम्म्याहून जास्त कारकिर्दीनंतर जन्मलेला असं दादा म्हणतो. मी त्याला गणित करून दाखवलं की तसं नाही, पहिली फक्त अकरा वर्षं. 'चाइल्ड इन टाइम' गिलननं गायचं सोडून दिलंय, केव्हाच. वर जाता येत नाही तर जायचंच नाही. दादाला हे पटतं, मला पटत नाही. खाली उतरवून गा की बाबा.

आणि २०१७ मध्ये त्यांनी निरोपाचा दौरा काढला, त्याचं नावच 'लाँग गुडबाय'. तेव्हापासून निरोप चालूच आहे. आपल्याकडे पाहुणे उठले की दारात चपला घालून अजून तासभर बोलतात, तसं.

तर २०२५ च्या मेमध्ये 'गन्स' महालक्ष्मीला, रेसकोर्सवर. १७ तारीख, शनिवार. माझ्याकडे तिकिटं दोन. नवऱ्याला ह्यातलं काही झेपत नाही. लेक बंगळुरूला. मी दादाला फोन केला.

"स्लॅश आहे का?"

"आहे. डफ पण."

"ड्रमवर कोण?"

"नवीन आहे कोणी तरी. आयझॅक कार्पेंटर. मार्चमध्येच आलाय."

"म्हणजे सुतार," दादा म्हणाला. "येतो. बघतो तरी ठोकतो कसा."

वहिनीनं विरोध केला. कानाच्या डॉक्टरांनी केला. शेवटी दादानं वहिनीला ब्रायन जॉन्सनची गोष्ट सांगितली. एसी/डीसीचा गायक, २०१६ मध्ये डॉक्टरांनी बजावलं की दौरा थांबव नाहीतर पुरता बहिरा होशील. तो थांबला, आणि त्याच्या जागी उरलेला दौरा गायला कोण? हाच आमचा अ‍ॅक्सल, तोही पाय मोडलेला, सिंहासनासारख्या खुर्चीत बसून. पुढे जॉन्सन कानात खास यंत्रं घालून परत उभा राहिला. "म्हणजे बघ," दादा म्हणाला, "एकाचा कान गेला, एकाचा पाय गेला, कार्यक्रम झालाच." वहिनी म्हणाली, "त्यांच्या घरी आमटी करपत नसेल."

डॉक्टरांचा सल्ला असा निघाला: मशीन काढून ठेवा, कानात फोमचे बोळे घाला. म्हणजे गाणं ऐकायला जायचं आणि कानात बोळे घालून उभं राहायचं. दादानं मशीन चष्म्याच्या डबीत ठेवलं, डबी शर्टाच्या खिशात, खिशाला सेफ्टी पिन.

महालक्ष्मी स्टेशनवरून चालत निघालो तेव्हा सहा वाजत आले होते. हवा अशी की अंगाला चिकटलेला सदरा उकलावा लागत होता. आजूबाजूला पोरंच पोरं, कोऱ्या करकरीत टी-शर्टांतली, त्यांच्या छातीवर माझ्या बारावीतली ती क्रूसावरची पाच कवट्यांची नक्षी. एकानं दादाला विचारलं, "अंकल, तुम्ही ह्यांना आधी लाइव्ह पाहिलंय?" दादा म्हणाला, "नाही रे, मी ह्यांच्या विरोधी पक्षातला." पोरगा बिचारा हसून पुढे गेला.

आत बसायची सोय नाही, उभ्याचं तिकीट. पाण्याच्या रांगेत पाऊण तास गेला, त्यावर मी काही लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. दादानं पिशवीतून घडी केलेला पेपर काढला आणि गवतावर पसरून बसला. गुडघ्यानं त्याला तेवढीच मुभा दिली होती.

कार्यक्रमाबद्दल पत्रकारासारखं लिहीत नाही. अ‍ॅक्सल तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता. वरच्या टोकाला आवाज बारीक होतो, कधी कधी फुग्याचं तोंड ओढून हवा सोडावी तसा. मध्यसप्तकात मात्र तोच जुना खरखरीत कागद. स्लॅश एकोणसाठ, आणि त्याच्या बोटांना हे कोणी सांगितलेलं दिसत नाही. गळ्याला वय आधी लागतं, हाताला मागाहून. माझ्या मैत्रिणींमध्ये पण बघते, स्तोत्र म्हणताना आवाज फाटतो, पण मोदकाच्या कळ्या अजून एकवीस पडतात. त्यांच्या त्या वर्षीच्या दौऱ्याचं नावही भलंमोठं आहे, तुम्हाला जे हवं आणि तुम्हाला जे मिळतं त्या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, अशा अर्थाचं. तिकिटामागे छापायला हवं होतं.

'नोव्हेंबर रेन'ला अ‍ॅक्सल पियानोवर बसला. मी कॉलेजात होते, साडेदहाला आईनं टीव्ही बंद केला म्हणून ह्याच गाण्याचा शेवट हुकून रडले होते. ह्या घराला गाण्यांचे शेवट लाभत नाहीत.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. 'स्वीट चाइल्ड ओ' माइन' सुरू झालं. गिटारचा तो पहिला तुकडा, जो आता रिक्षावाल्याच्या रिंगटोनलाही असतो. सगळं मैदान एका दणक्यात ओरडलं. दादा माझा हात धरून उठला. ओठ हलताना दिसले, ऐकू काही येईना. मी कान त्याच्या तोंडाशी नेला.

"गिटार येतंय. बास येतोय, पायातून येतोय. हाय-हॅट वाजवतोय का गं तो?"

मी स्टेजकडे पाहिलं. एवढ्या लांबून काय दिसणार, पण बाजूच्या मोठ्या पडद्यावर सुताराचा हात दिसत होता, आणि मला ऐकू येत होतं. एका मात्रेला दोन. आपल्याला रोज ऐकू येतं म्हणून ते कधी ऐकलंच नव्हतं असं झालं मला. सगळ्या गाण्याला ते बारीक टाके घालत चाललं होतं. दादाच्या कागदावरच्या रेघेत जो भाग कोसळलाय, तिथे बरोबर हे राहतं. वरून कानात बोळे.

मी मान हलवून हो म्हटलं. तो बघत राहिला. मग मी त्याचा हात पालथा धरला, मनगटाच्या जरा वर, जिथे घड्याळाचा पट्टा संपतो तिथे, दोन बोटं टेकवली आणि वाजवायला लागले. टिक-टिक-टिक-टिक. सुताराकडे बघून, एका मात्रेला दोन. त्याच्या हातावरचे केस पांढरे झालेत हे मला तेव्हा दिसलं.

दादानं डोळे मिटले. उजवा पाय गवतावर आपटायला लागला, पिंपावर आपटायचा तसाच. स्लॅश त्याच्या लांबलचक सोलोत शिरला, पोरं फोन वर धरून उभी राहिली, कोणाचा तरी धक्का लागला, माझी बोटं घसरली, मी परत पकडलं. सोलो चढायला लागला तशी मीही चढले.

दादानं डोळे न उघडता माझ्या कानाशी तोंड आणलं.

"पळू नकोस."